कालव्याकाठची हिरवळ हरणांच्या किती उपयोगाची?

प्रश्न असा आहे: येवला तालुक्यातल्या माळाच्या कडेने कालव्याची चारी निघणार आहे. पाझराने गवत वाढेल, ऐन उन्हाळ्यात पाणी मिळेल, म्हणजे हरणांचं भलंच होईल ना? आणि भलं झालं की बिघडलं, हे ठरवायचं कशावरून?

पाण्याचा फायदा होऊ शकतो. चाऱ्याचा होईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी तोटाच होतो. कालवा पाणी आणतो तसाच उतारावरून येणारं पावसाचं पाणी अडवतोही. काठावरचा हिरवा पट्टा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, खालच्या अंगाला दोन-चार पावसाळ्यांत विरळ होत गेलेलं गवत मात्र कोणी मोजायला जात नाही.

आधी जनावर कोणतं ते पक्कं करू. येवला-नांदगाव पट्ट्यात लोक हरीण म्हणतात ते बहुतेक वेळा काळवीट, क्वचित चिंकारा. ममदापूर-राजापूरचा सुमारे 54 चौरस किलोमीटरचा माळ 2014 साली संवर्धन राखीव झाला तो मुख्यतः काळविटांसाठी. काळवीट गवतावर चरणारं आहे आणि त्याचा सगळा बचाव नजर आणि धाव यांवर आहे. त्याची खांद्यापाशी उंची 75-80 सेंटिमीटर. गवत गुडघ्याएवढं असेल तर ते निवांत चरतं. खांद्याच्या वर गेलं की लांडगा दिसत नाही, मग चारा कितीही असो, कळप तिथे थांबत नाही. चिंकाऱ्याचं गणित वेगळं. तो बोर, हिवर यांचा पाला खुडून खातो, झुडपात वावरतो आणि पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. त्यामुळे ‘हरणांना उपयोग होईल का’ हा प्रश्न दोघांसाठी एकत्र सोडवता येत नाही. पुढचं बहुतेक सगळं काळविटाबद्दल आहे.

खऱ्या वाळवंटांत कालव्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मोहावी वाळवंटातून 1930च्या दशकात कोलोरॅडो नदीचा कालवा गेला. पुराच्या लोंढ्यांनी तो फुटू नये म्हणून वरच्या अंगाला मातीचे बांध घातले. बांधांमुळे ज्या जमिनीचं वाहतं पाणी तुटलं तिथली झुडपं पुढच्या पन्नास वर्षांत शेजारच्यापेक्षा खुरटी आणि विरळ झाली. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडत होता. फरक फक्त वरून वाहत येणाऱ्या पाण्याचा. सेंट्रल ॲरिझोना कालवा 1973 ते 1993 या काळात बांधला, लांबी सुमारे 540 किलोमीटर. वरच्या अंगाला पाणी तुंबून झाडी दाट होणं आणि खालच्या ओघळींतली झाडं सुकणं हे वाळवंटातल्या अशा कालव्यांचं नेहमीचं चित्र. तिथलं म्यूल डिअर हे हरीण पाला खाणारं आणि झाडीत राहणारं, म्हणून वरची दाट झाडी त्याच्या पथ्यावर पडू शकते. काळविटाला तीच झाडी अडचण. परदेशातला निष्कर्ष जसाच्या तसा उचलला की चूक होते ती इथे.

राजस्थानचा इंदिरा गांधी कालवा आपल्याला जास्त जवळचा. काम 1958 मध्ये सुरू झालं. 204 किलोमीटरची फीडर, म्हणजे पाणी आणून देणारा कालवा, आणि 445 किलोमीटरचा मुख्य कालवा. दोन्ही काठांनी शिसम आणि निलगिरीच्या रांगा लागल्या. सेवण गवताची कुरणं नांगराखाली गेली. हनुमानगड-सुरतगड भागात जमिनीखालच्या कठीण थरामुळे पाणी खाली मुरेना, ते वर आलं आणि सखल जागी पाणकणसाची तळी झाली. झाडी आणि पिकं यांत रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर वाढले, उघड्या रानातला चिंकारा मागे हटला. म्हणजे ‘वन्यप्राणी वाढले’ हे विधान खरं असूनही नेमका जो प्राणी त्या जागेचा, तो घटलेला असू शकतो.

येवला म्हणजे वाळवंट नव्हे. वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पण माळावरची माती वीतभर, खाली मुरूम आणि कातळ. इथलं गवत पडलेल्या पावसावर जेवढं, तेवढंच उतारावरून पसरत येणाऱ्या पातळ पाण्यावर जगतं. कालवा समपातळी रेषा धरून जातो, म्हणजे उताराला आडवा. वाटेतली प्रत्येक ओघळ तो कापतो. नकाशात नाव असलेल्या नाल्यांना मोरी किंवा जलसेतू मिळतो. बिननावाच्या हातभर रुंद ओघळी मात्र भरावाच्या वरच्या अंगाने चर खोदून एकाच मोरीत वळवतात. मग सात-आठ ओघळींचं पाणी एका तोंडातून सुटतं. तिथे घळ पडते आणि बाकीच्या ओघळींखालचं रान कोरडं राहतं. शेडा, पवन्या, मारवेल ही चांगली गवतं आधी जातात, मागे कुसळ आणि तरवड उरतो.

यावर उपाय आराखड्याच्या टप्प्यातच करावा लागतो, नंतर जमत नाही. 1:50,000 च्या नकाशात या ओघळी दिसत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरचं उपग्रह चित्र घ्या, त्यावर हिरव्या रेघा उमटलेल्या असतात. मग रेषा चालून प्रत्येक ओघळीला खुंटी ठोका. प्रत्येकीला स्वतंत्र नळमोरी मागा, व्यास 900 मिलिमीटरपेक्षा कमी नको. 450 किंवा 600 ची मोरी पालापाचोळा आणि गाळाने दोन पावसाळ्यांत बुजते आणि साफ करायला माणूस आत जात नाही. खालच्या तोंडाशी नुसता दगडी थर देऊन थांबू नका. त्यापुढे समपातळीत 15-20 मीटर लांबीचा, टाचेएवढ्या उंचीचा बुटका दगडी बांध द्या, म्हणजे धार मोडून पाणी पुन्हा पसरतं. हा बांध बिनसिमेंटचा असावा. सिमेंटचा केला की पाणी एका टोकाने वळसा घालतं आणि तिथेच नवी घळ काढतं.

आता पाझराचा पट्टा. अस्तर (काँक्रीटसारखा आतला थर) नसलेल्या कालव्यातून ओल्या पृष्ठभागाच्या दर दहा लाख चौरस मीटरमागे सेकंदाला साधारण 2 घनमीटर पाणी मुरतं असं धरतात. चांगलं अस्तर असेल तर 0.6 च्या आसपास. ओला परीघ, म्हणजे पाणी लागणारा तळ आणि बाजू मिळून रुंदी, 10 मीटर असलेली 10 किलोमीटरची चारी घेतली तर विनाअस्तर पाझर सेकंदाला 0.2 घनमीटर, म्हणजे दिवसाला 17,000 घनमीटरहून जास्त. आकडा मोठा दिसतो, पण हे आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, चालू असेल तेवढेच दिवस. आपले कालवे राजस्थानातल्या त्या कालव्यासारखे जवळजवळ वर्षभर वाहत नाहीत. शिवाय मुरमाच्या माळावर हे पाणी काठालगत थांबत नाही. ते कातळावरून सरकत जातं आणि जिथे कातळ उघडा पडतो तिथे, कधी दोनशे मीटर खाली, वर येतं. ‘काठापासून अमुक मीटर हिरवं होईल’ असं म्हणूनच सांगता येत नाही.

जिथे पाणी वर येतं तिथे वनस्पतींचा क्रम ठरलेला असतो. सतत ओल असलेल्या जागी पाणकणीस, लव्हाळा आणि बेशरम. यांतलं बहुतेक काळवीट खात नाही. त्याच्या बाहेर हरळीचा पट्टा, बहुधा अरुंद. खरा फायदा काय तो इथे: एप्रिल-मेमध्ये सगळा माळ पिवळा पडलेला असताना ही बुटकी, हिरवी हरळी कळपाला ओढून आणते. पण तिच्यावर शेळ्या-मेंढ्याही येतात, राखणीची कुत्रीही येतात, त्यामुळे काळविटाच्या वाट्याला पहाट आणि संध्याकाळ उरते. आणखी बाहेर, खोदाईची माती टाकलेल्या भरावावर रुई, गाजर गवत आणि वेडी बाभूळ. सखल काळ्या जमिनीत पाण्याची पातळी दोन मीटरच्या आत आली तर पांढरे डाग दिसू लागतात, जमीन चोपण, म्हणजे खारपट आणि नापीक, होते. दोन इंची पीव्हीसी नळी, खालचा मीटरभर भाग भोकांचा, तीन मीटर खोल पुरून दर पंधरवड्याला दोरीने पाणी मोजलं तर हे डाग दिसायच्या वर्ष-दोन वर्षं आधी कळतं. गाळ, पाणी आणि वेळ तिन्ही मिळाल्यावर पाणवनस्पती कशा फोफावतात ते पाहायला लांब जायला नको. निफाडजवळ गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर आहेच. पाणपक्ष्यांसाठी ते उत्तम, 2020 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही आलं. काळविटाचं रान ते नव्हे, एवढंच.

वेडी बाभूळ हा या सगळ्यातला सर्वांत चिवट भाग. काळवीट तिच्या गोड शेंगा उन्हाळ्यात आवडीने खातं. गुजरातेत वेळावदरच्या माळावर हे चांगलं नोंदलेलं आहे. बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात आणि लेंड्यांसोबत माळभर पसरतात. नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग घालतात, म्हणून रोपं नेमकी उघड्या माळाच्या मध्यावर, झुबक्यांनी उगवलेली दिसतात. म्हणजे कालव्याच्या भरावावरची दहा झाडं हा भरावापुरता प्रश्न राहत नाही. उन्हाळ्यातल्या शेंगा हा चारा आहे हे मान्य, पण त्या चाऱ्याच्या मोबदल्यात पाच-सहा वर्षांत चरायची मोकळी जागा जाते. नुसता शेंडा छाटला तर ती बुंध्यातून आठ-दहा फांद्यांनी फुटते आणि आधीपेक्षा दाट होते. बुंधा जमिनीखाली किमान 30 सेंटिमीटरपर्यंत खणून, डोळ्यांचा (नवे फुटवे येतात तो) भाग सगळा काढावा लागतो. रोपं सप्टेंबरात, माती मऊ असताना, मुळासकट हाताने उपटावीत. पुढच्या फेब्रुवारीत दुसरी फेरी, आणि अशा फेऱ्या सलग चार-पाच वर्षं. एका वर्षाचं कंत्राट देऊन हे काम संपत नाही. वनजमीन असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय कुदळ लावू नका.

भरावावर माती उघडी ठेवली की तण येणारच, तेव्हा ती पहिल्याच पावसाळ्यात झाकायची. मारवेलचे मुळं असलेले ठोंब जूनच्या अखेरीस, पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरवर. हेक्टरी 40,000 लागतात. कापणी बी गळल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी. ‘हरित पट्टा’ म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरीच्या रांगा लावण्याचा आग्रह होतो. मोकळ्या माळाच्या बाजूला तो मान्य करू नये. झाडं लावायचीच तर गावाच्या बाजूला, बाभूळ, हिवर, बोर, आणि तीही विरळ.

काठापेक्षा मोठा बदल लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याने भिजणाऱ्या शेतांत, होतो. बाजरी, मटकी, हुलगा घेऊन बाकी वर्षभर पडीक राहणारी रानं आजपर्यंत काळविटांचं चराऊ क्षेत्र होती, कागदावर नसली तरी. पाणी आलं की तिथे कांदा, मका, गहू, हरभरा येतो. नोव्हेंबर ते जानेवारीत गहू-हरभऱ्याची कोवळी पानं हा माळावरच्या वाळल्या गवतापेक्षा कितीतरी कसदार चारा, त्यामुळे कळप शेतात उतरतात, मग तारेचं कुंपण, फटाके, कुत्री. पालखेड डाव्या कालव्याच्या भिजणाऱ्या रानात ऊस आणि बागा वाढल्यावर काय होतं ते निफाडकरांना सांगायला नको: उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. माळाच्या कडेला ऊस आला तर काळविटाच्या पाडसांना लांडग्यासोबत आणखी एक शत्रू मिळेल, तोही दबा धरून बसणारा, ज्याच्यापुढे नजर आणि धाव दोन्ही अपुरी पडतात. माळाच्या हद्दीपासून निदान 500 मीटर ऊस नको, असा ठराव ग्रामसभा करू शकते. तो पाळला जाईल का हे उसाच्या भावावर ठरतं.

बुडून मरणं हा सर्वांत टाळण्याजोगा तोटा. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू दीडास एक उताराची, वर शेवाळ, आणि काळविटाचे खूर अरुंद व टणक. पाणी प्यायला उतरलेलं जनावर घसरतं, पोहतं, पण वर चढू शकत नाही. पाण्याला सेकंदाला एक मीटर वेग असेल तर पाच मिनिटांत ते 300 मीटर वाहून जातं. म्हणून चढउतार, म्हणजे जनावराला वर येता येईल असा सौम्य उताराचा रस्ता, दर 250-300 मीटरवर, दोन्ही काठांना, आणि पूल, धबधबा किंवा सायफनच्या (कालवा बंद नळातून खालून जातो त्या जागेच्या) तोंडाच्या वरच्या अंगाला नक्की. उतार चारास एक, रुंदी तीन मीटर, पृष्ठभाग खडबडीत, त्यावर दर 30 सेंटिमीटरला 5 सेंटिमीटर उंच आडव्या पट्ट्या. नुसता चढउतार बांधून भागत नाही; प्रवाहाच्या मध्यात पोहणाऱ्या जनावराला तो सापडत नाही. त्याच्या खालच्या टोकापासून समोरच्या काठापर्यंत, प्रवाहाला तिरका, तरंगत्या पिंपांचा दोर लावायचा, म्हणजे जनावर त्याला लागून चढउताराकडे सरकतं. संपूर्ण लांबीला कुंपण हा सोपा वाटणारा पण वाईट उपाय आहे. त्याने माळाचे दोन तुकडे होतात, आणि पाठलागात जनावर तारेत अडकतं. कुंपण फक्त सायफनच्या तोंडाशी.

कालव्यापेक्षाही जास्त लक्ष शेततळ्यांकडे हवं. आवर्तनाचं पाणी साठवायला शेततळी वाढतातच, आणि 500 मायक्रॉनच्या प्लास्टिकवरून शेळीसुद्धा वर येत नाही. चारही बाजूंना जुन्या टायरची शिडी किंवा मीटरभर रुंद काथ्याची घट्ट विणीची पट्टी काठापासून तळापर्यंत सोडा. वरचं टोक काठापासून 60 सेंटिमीटर मागे खुंटीला, खालचं वाळूच्या पोत्याने दाबलेलं, म्हणजे पाणी तळाला गेलं तरी उपयोग होतो. मोठ्या भोकांची नायलॉन जाळी वापरू नका, तिच्यात पाय अडकून जनावर जागीच बुडतं. कठडा नसलेल्या विहिरींचंही हेच. जनावर पडलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका. घाबरलेला नर शिंगांनी माणूस फाडतो. वनविभागाला किंवा 1926 या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर कळवा. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधलं आहे, मेलेलं असलं तरी हात लावायचा नाही.

कळप कालव्यावर येऊच नयेत यासाठी आत माळावर पाणवठे हवेत. बशीच्या आकाराचा, तीन मीटर व्यासाचा, मध्यात 30 सेंटिमीटर खोल पाणवठा साधारण 700 लिटर धरतो. मेमध्ये रोज एक सेंटिमीटर बाष्पीभवन धरलं तर 70 लिटर उडतात. 60 जनावरांना प्रत्येकी तीन लिटर म्हणजे 180. रोज 250 लिटर गेले तर तिसऱ्या दिवशी तळ दिसतो. म्हणून भरणं एक दिवसाआड, टँकर ‘आठवड्यातून एकदा’ चालत नाही. जागा कळपाच्या नेहमीच्या बाजूला, कालव्यापासून 500 मीटरहून दूर, भोवती शंभर मीटर झुडूप नको. आवर्तन सुटायच्या महिनाभर आधी भरायला लागा. एकदा कालव्याची वाट पडली की कळप ती सोडत नाहीत.

मोजणी. कालव्याला काटकोनात दोन्ही अंगांना रेषा आखा, प्रत्येकीवर 10, 50, 100, 250, 500 आणि 1,000 मीटरवर जागा. गवतासाठी एक चौरस मीटरची चौकट, झुडपांसाठी दहा बाय दहा. प्रत्येक जागी जात, आच्छादन आणि गवताची उंची. उंची विसरू नका, काळविटासाठी तोच कळीचा आकडा. ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे अशा तीन फेऱ्या. किती चरलं जातं हे कळायला एक चौरस मीटरचे जाळीचे पिंजरे ठेवा, आतलं आणि बाहेरचं गवत कापून वाळवून वजन करा. फरक म्हणजे चरलेलं, पण ते कोणी चरलं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लेंड्या: दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळातल्या जुन्या लेंड्या आधी साफ करून महिन्याने नव्या मोजायच्या. शेळी-मेंढीच्या आणि काळविटाच्या लेंड्यांत गफलत सहज होते, तेव्हा जिथे शेळ्या-मेंढ्यांचे कळप चारतात तिथे लेंड्यांवर विसंबू नका, पहाटे सहा ते नऊ थेट गणती करा किंवा ट्रॅप कॅमेरा लावा. नरांचे ढीग वेगळे नोंदवा. एक ढीग वर्तुळात आला तर सगळी सरासरी फसते. आणि लेंड्यांच्या संख्येवरून काळविटांची संख्या काढू नका, ती फक्त वापर वाढला की घटला एवढंच सांगते.

सोबत पाऊस आणि आवर्तनाच्या तारखा लिहून ठेवा. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळंच हिरवं दिसतं आणि श्रेय कालव्याला जातं. ते टाळायला दोन-तीन किलोमीटरवरचा, तशाच मातीचा आणि तशाच चराईचा, कालवा नसलेला माळ तुलनेसाठी त्याच तारखांना मोजायचा. खोदाई सुरू होण्याआधी एक पूर्ण वर्ष, त्यात एक कोरडा उन्हाळा, मिळालं तर उत्तम. यंत्रं आधीच आली असतील तर तुलनेच्या माळाशिवाय हाताशी दुसरा आधार नाही, तेव्हा तिथली पहिली फेरी येत्या ऑक्टोबरातच उरकून घ्या.